आधी गोठ्यातला प्रश्न, मग प्रतिजन : परजीवीशास्त्र विभागांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचे परजीवीशास्त्र विभाग,
आणि ज्यांच्या सहीने संशोधन प्रकल्पांचे पैसे सुटतात ते सर्व अधिकारी

सन्माननीय गुरुजन आणि सहकारी मित्रहो,

मी जनावरांचा डॉक्टर आहे. पहिली काही वर्षं भंडारा जिल्ह्यात काढली, धानाच्या आणि तलावांच्या पट्ट्यात. आता अहिल्यानगर जिल्ह्यात, संकरित गायींच्या पट्ट्यात प्रॅक्टिस करतो. दोन्हीकडची माणसं वेगळी, जनावरं वेगळी, जंतही वेगळे. पण दोन्हीकडे माझे हात एकाच ठिकाणी बांधले गेले: परजीवी जनावरात आत्ता आहे की नाही, हे सांगणारी चाचणी माझ्याकडे नव्हती. त्याबद्दल हे पत्र आहे, आणि ते तुम्हालाच लिहितोय, कारण ती गाठ सोडवणं माझ्या नाही, तुमच्या हातात आहे.

भंडाऱ्यातला एक दिवस सांगतो. जानेवारी संपत आला होता. धान निघालं होतं, बोडीचं, म्हणजे लहान तलावाचं, पाणी मागे सरकलं होतं आणि त्या ओल्या काठावर तेवढं हिरवं गवत उरलं होतं. त्या दिवसांत गावची झाडून सगळी जनावरं तिथेच चरतात, कारण बाकी शिवार वाळलेलं असतं. एका घरी एक म्हैस आणि एक गाय होती, दोन्ही दुभत्या. म्हशीच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक. गाय वरून धडधाकट दिसत होती, फक्त दूध तुटलं होतं. मालक म्हणाला, "पंधरा दिवसांमागंच तर डोस पाजला ना जी, डॉक्टर साहेब. मग हे कसं काय?"

दोघींचं शेण डबीत घेतलं. दवाखान्यात पाण्यात कालवून गाळलं, तळाशी बसू दिलं, वरचं पाणी तीन-चार वेळा ओतून टाकलं, गाळात मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकला आणि काचपट्टी लावली. लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतातला चपटा जंत. त्याचं अंडं त्या निळ्या गाळात सोनेरी पिवळं दिसतं, एकदा पाहिलं की विसरत नाही. म्हशीच्या शेणात दोन सापडली. गायीच्या शेणात तीन काचपट्ट्या पाहूनही एक नाही.

आता या उत्तरांचा अर्थ काय लावायचा? म्हशीतली दोन अंडी जिवंत जंताची, की डोसाने मेलेल्या जंताची, पित्ताशयात अडकून सावकाश बाहेर पडणारी? गायीत जंत नाहीच, की आहे पण कोवळा, यकृताच्या मांसात वाट पोखरत फिरणारा? आपल्याकडचा मुख्य फ्लूक म्हणजे फॅसिओला जायगँटिका. गवताला चिकटलेली त्याची बारीक गाठोडी जनावराच्या पोटात गेल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात. यकृताची चाळण होते ती याच काळात, आणि नेमका याच काळात सूक्ष्मदर्शक आंधळा असतो. त्यात मालकाने पाजलेलं औषध ऑक्सिक्लोझॅनाइड होतं. ते पित्तनलिकांतल्या मोठ्या जंतावर चालतं, कोवळ्याला सोडून देतं. मग डोस वाया गेला का, पुन्हा द्यायचा का, द्यायचा तर कोणता, यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे पुराव्याचं उत्तर नव्हतं. दोघींना अंदाजाने औषध दिलं. गाय सुधारली. म्हैस पंधरवड्याने गेली.

त्या मालकाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या डबीतल्या शेणात उत्तर होतं आणि मला ते वाचता आलं नाही, हे मात्र माझ्या मनातून जात नाही.

उत्तर होतं असं म्हणतो ते भावनेच्या भरात नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पित्तनलिकेतला फ्लूक खातो, पचवतो आणि पोटातला चोथा वरचेवर तोंडावाटेच ओकून टाकतो, कारण त्याला मागची वाटच नसते. त्या ओकारीत त्याची पाचक विकरं असतात, त्यांतलं ठळक म्हणजे कॅथेप्सिन एल. ते पित्ताबरोबर आतड्यात उतरतं आणि शेणातून बाहेर पडतं. जंत जिवंत आहे तोवर हे चालू राहतं. जंत मेला की दोन-तीन आठवड्यांत थांबतं. म्हणजे शेणातला हा प्रतिजन, परजीवीचं हे ओळखीचं प्रथिन, पकडला, तर जंत आत्ता आहे की नाही हे कळतं, डोस लागू पडला की नाही हेही कळतं, आणि अंडी दिसायच्या काही आठवडे आधी कळतं. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या संशोधकांनी २००४ साली एमएम३ नावाचं एक मोनोक्लोनल प्रतिपिंड (एकाच प्रतिजनाला नेमकं चिकटणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन) वापरून हे शेणावर करून दाखवलं, आणि त्या तत्त्वावरचे एलायझा किट (प्रतिजन किंवा प्रतिपिंड रंगावरून मोजणारी चाचणी) युरोपात विकत मिळतात. मोजकेच जंत असलेल्या जनावरात तीही तपासणी कधी चुकते, पण माझ्या काचपट्टीपेक्षा ती कितीतरी पुढे आहे.

आपल्याकडे यावर काम झालेलं नाही असं मी मुळीच म्हणत नाही. उलट भरपूर झालं आहे. मी स्वतः केलं आहे.

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी पहाटे कत्तलखान्यात जाऊन म्हशींची यकृतं चिरायचो. पित्तनलिका कात्रीने उभी उघडली की आतून पानासारखे लांबट करडे जंत सरकत बाहेर यायचे. ते चिमट्याने उचलायचे, कोमट क्षारद्रावात धुवायचे आणि ३७ अंशांवर त्याच द्रावात ठेवायचे. काही तासांत जंत आपले स्राव त्या पाण्यात सोडतात. मग तो द्राव जेलवर चालवायचा, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी होतात. ती पडद्यावर उतरवायची. एका पडद्यावर बाधित जनावराचं सीरम, म्हणजे रक्तातलं प्रतिपिंडं असलेलं पाणी, फिरवायचं, दुसऱ्यावर निरोगी जनावराचं. जी रेघ पहिल्यावर उमटते आणि दुसऱ्यावर उमटत नाही, ती आपल्या कामाची. माझी रेघ २८ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या आकाराचं माप) आसपास उमटली. बारीक, तपकिरी, कडेला किंचित पसरलेली. रात्रीचे अकरा वाजले होते. तो पडदा मी ओल्या टिपकागदात गुंडाळून खोलीवर नेला होता आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा उलगडून पाहिला होता.

प्रबंध बांधला गेला, मला पदवी मिळाली, एक शोधनिबंध निघाला. त्या रेघेपासून भंडाऱ्यातल्या त्या म्हशीपर्यंतचा रस्ता मात्र कोणी बांधला नाही, आणि मीही बांधला नाही. त्यानंतर कितीतरी विद्यार्थ्यांनी तीच यकृतं चिरली, तोच द्राव चालवला आणि त्याच उंचीवरची रेघ शोधली. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी एक वाक्य असतं, माझ्याही होतं: "हा प्रतिजन निदानासाठी आश्वासक ठरू शकतो." हे वाक्य लिहून आपण थांबतो. माझं मागणं एवढंच आहे की हे वाक्य जिथे येतं तिथून आता काम सुरू व्हावं.

आणि ते सुरू करताना माझ्या हातून जी चूक झाली ती टाळावी. माझी "निरोगी" सीरम कुठून आली होती? गोठ्यात बांधून वाढवलेल्या वासरांकडून. त्यांनी तलाव पाहिला नव्हता, गोगलगायीच्या पाण्यावरचं गवत खाल्लं नव्हतं. त्यांच्यासमोर माझा प्रतिजन अगदी नेमका ठरला, ठरणारच होता. पण भंडाऱ्याच्या गायीला फ्लूक नसला म्हणून ती कोरी पाटी नसते. तिच्या कोठीपोटात अँफिस्टोम असतात. नाकात गाठी करून जनावराला घोरायला लावणारा शिस्टोसोमा असू शकतो. हे सगळे चपटे जंत एकमेकांचे भाऊबंद, त्यांची प्रथिनं एकमेकांसारखी, आणि गायीच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना त्यांच्यातला फरक नेहमीच कळतो असं नाही. प्रतिजन पारखायचा तर तो या गायीसमोर पारखायला हवा. फ्लूक नाही पण अँफिस्टोम आहे, अशा शंभर गायींवर जो प्रतिजन गप्प राहील तोच माझ्या उपयोगाचा.

इथे आपल्या राज्यापुरती एक अडचण आहे आणि ती उघड बोलायला हवी. एखाद्या जनावराला फ्लूक होता की नव्हता याचा शेवटचा पुरावा म्हणजे यकृत उघडून पाहणं. २०१५ पासून राज्यात कायद्याने गाय, बैल, वळू यांपैकी कशाचीच कत्तल करता येत नाही, म्हणून कत्तलखान्यातून मिळणारे जंत आणि त्यांच्या जोडीची सीरम म्हशींचीच असतात. कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मी इथे काही बोलत नाही. पण म्हशीवर बेतलेली चाचणीची सीमारेषा (कितीच्या वर बाधित मानायचं तो आकडा) गायीला जशीच्या तशी लावता येईल, हे गृहीत धरून चालणार नाही. नैसर्गिक कारणाने मेलेल्या गायींचं शवविच्छेदन आमच्यासारखे डॉक्टर गावात करतातच. विमा असेल तर ते करावंच लागतं. त्या वेळी यकृत, शेण आणि आधी घेतलेलं रक्त एकत्र राखलं, तर काही वर्षांत गायींचा खात्रीचा संग्रह उभा राहील. आज ते यकृत खड्ड्यात जातं.

आता नगरकडे येतो. इथे फ्लूकचं नाव कमी ऐकू येतं, इथला वैरी गोचीड आहे.

लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारातून माणूस कर्ज काढून एचएफ गाय आणतो. गाय वेलेली असते, बाजारात चरवी भरून दूध देते. घरी आणल्यावर पंधरा दिवसांत १०५-१०६ ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, मग पेरूएवढी, डोळ्यांतून पाणी, रवंथ बंद. थायलेरिया ॲन्युलाटा, गोचिडातून पसरणारा रक्तातला परजीवी. सुईने गाठीतलं पाणी काढून गिम्साने रंगवलं की लसिका पेशीत निळसर-जांभळे ठिपके दिसतात, आणि तिथे माझं निदान पक्कं होतं. तापलेल्या गायीसाठी मला नवी तपासणी नको आहे. वेळेवर पोचलो तर ब्युपार्वाक्वोन देता येतं. ते महाग आहे, आणि ट्युनिशिया, सुदान, इराण इथे त्याला न जुमानणारे परजीवी सापडले आहेत, म्हणून ते जपून वापरायचं हेही मला मान्य आहे.

मला तपासणी हवी आहे ती बाजारात, दावं हातात घ्यायच्या आधी. आजारातून उठलेली गाय बरी दिसते, पण तिच्या तांबड्या पेशींत थोडे परजीवी वर्षानुवर्षं राहतात. इतके थोडे, की रक्तलेपात शंभर ठिकाणं पाहिली तरी दिसत नाहीत. ती गाय नव्या गोठ्यात येते, भिंतीच्या फटीतल्या गोचिडाची पिल्लं तिचं रक्त पितात, कात टाकतात आणि शेजारच्या कालवडीला चावतात. विकत घेतलेली गाय ठणठणीत आणि घरची कालवड मेली, हे मी किती गोठ्यांत पाहिलं त्याची गणती नाही. पीसीआरने ही वाहक गाय सापडते, पण पीसीआर बाजाराच्या धुळीत करता येत नाही.

थायलेरियाच्या बाबतीत प्रतिजन शोधण्याचं मोठं काम जगात झालेलं आहे. टीएएसपी नावाचं, परजीवीच्या लसिका पेशीतल्या अवस्थेच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आहे, त्यावर एलायझा झाली, हातातल्या पट्टीची चाचणीही झाली. टॅम्स-१ नावाचं दुसरं प्रथिन आहे, तांबड्या पेशीतल्या अवस्थेवरचं. पण त्याचं रूप एका परजीवीच्या वाणात एक आणि दुसऱ्यात दुसरं, आणि सहसा सौम्य असलेल्या थायलेरिया ओरिएंटॅलिसवर त्याचा सख्खा भाऊ बसलेला असतो. दोन्ही चाचण्या प्रतिपिंड मोजतात, म्हणजे गायीला हा आजार कधीतरी भेटला होता एवढं सांगतात. आपल्याकडे या रोगाची लसही आहे, पेशीत वाढवून सौम्य केलेल्या शायझॉन्टची (परजीवीची लसिका पेशीतली अवस्था), द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागणारी. लस टोचलेल्या गायीतही शायझॉन्टविरुद्धची प्रतिपिंडं असणारच. मग पट्टीवर रेघ उमटली तर बाजारात मी काय सांगू? ही गाय रोग पसरवणारी आहे म्हणून नका घेऊ, की ही गाय सुरक्षित आहे म्हणून जरूर घ्या? एकाच रेघेचे दोन उलटे अर्थ.

सौम्य केलेला शायझॉन्ट बहुधा पुढच्या, तांबड्या पेशीतल्या अवस्थेत जाण्याची ताकद गमावून बसलेला असतो. मग लसवंत गाय आणि वाहक गाय यांच्यातला फरक शोधायचा तर त्या पुढच्या अवस्थेच्या प्रतिजनांतच शोधायला हवा, असं माझ्या अल्पबुद्धीला वाटतं. हे कोणी आपल्या राज्यातल्या गायींवर पद्धतशीर करून पाहील का? मुळात हा प्रश्न घेऊन कोणी प्रतिजन शोधायला निघेल का? नाहीतर आपण "सीरमला सगळ्यात ठळक दिसणारा" प्रतिजन शोधतो. ठळक दिसणं ही आपल्या सोयीची कसोटी झाली. प्रश्न असा हवा: या प्रतिजनाचं हो किंवा नाही ऐकून डॉक्टर वेगळं काय करणार?

माणसांच्या आरोग्यात हे किती पुढे गेलं आहे ते आपण गावात रोज पाहतो. आशाताईच्या पिशवीत मलेरियाची पट्टी असते. बोटाला टोचलं, थेंब टाकला, अर्ध्या तासाच्या आत उत्तर. ती पट्टी रक्तातला परजीवीचा प्रतिजनच पकडते. आणि त्या पट्टीची कहाणीही आपल्याला शिकवून जाते. मलेरियाच्या फाल्सिपारम जातीसाठी वापरला जाणारा एचआरपी-२ हा प्रतिजन मुबलक, टिकाऊ, पकडायला सोपा. पण परजीवी मेल्यावरही तो कित्येक आठवडे रक्तात रेंगाळतो, म्हणून उपचार लागू पडला का हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी एलडीएच हे दुसरं विकर बरं, कारण ते परजीवीबरोबरच जातं. पुढे पेरूमध्ये असे परजीवी सापडले ज्यांनी एचआरपी-२ चं जनुकच टाकून दिलं होतं, आणि एरिट्रियाला तर यापायी पट्ट्या बदलाव्या लागल्या. रोगी तापाने फणफणतोय आणि पट्टी म्हणते काही नाही.

आपल्याकडच्या जनावरांच्या सर्रा रोगाचंही तेच. हा रोग करणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खानच्या घोड्या-उंटांत पाहिला. रोग करणारा म्हणून ओळखला गेलेला तो पहिला ट्रिपॅनोसोम, आणि तो या उपखंडात सापडला. हा परजीवी अंगावरचा प्रथिनांचा अंगरखा सतत बदलतो, म्हणून जगभर वापरली जाणारी कार्ड चाचणी रोटॅट १.२ या एका अंगरख्यावर बेतली आहे, जो बहुतेक वाण कधी ना कधी घालतात. केनियात मात्र तो अंगरखा नसलेले वाण निघाले. दुसऱ्यांनी पारखलेला प्रतिजन आपल्या मातीत चालेलच असं नाही, आणि आपण आज पारखलेला उद्या चालेलच असंही नाही. पारख ही पुन्हा पुन्हा करायची गोष्ट आहे.

आता थोडा हिशोब, कारण प्रबंधात "संवेदनशीलता ९५ टक्के, विशिष्टता ९० टक्के" असं वाचलं की परीक्षकांचं समाधान होतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. एका गावात १००० जनावरं धरू, त्यांतल्या ५० ना खरंच लागण आहे. ही चाचणी त्या ५० पैकी ४७-४८ पकडेल. उत्तम. पण उरलेल्या ९५० निरोगी जनावरांपैकी ९५ ना ती बाधित ठरवेल. म्हणजे ज्यांच्या पट्टीवर रेघ उमटली त्या तीन जनावरांपैकी दोन निरोगी. त्या दोघांना औषध जाणार, त्यांचं दूध ठरलेले दिवस डेअरीला घालता येणार नाही, आणि जंतांना त्या औषधाची ओळख होत जाणार. ऑस्ट्रेलियात ट्रायक्लाबेंडाझोलला दाद न देणारा फ्लूक १९९० च्या दशकातच दिसला होता. कोवळ्या फ्लूकवर चालणारं खात्रीचं औषध आपल्याकडे तेवढं एकच आहे. ते असं उधळणं परवडणार नाही. म्हणून चाचणी कोणत्या कामासाठी, कोणत्या गावात, लागण किती असताना वापरायची, हे तिच्यासोबतच लिहून मिळालं पाहिजे. जागतिक पशुआरोग्य संघटनेने चाचणी पारखण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. प्रयोगशाळेतली कसोटी ही त्यांतली पहिलीच पायरी आहे. आपण तिच्यावर बसून राहिलो आहोत.

पैसे देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. "नवीन प्रतिजनाचा शोध" या शीर्षकाखाली येणाऱ्या प्रस्तावांइतकीच किंमत "आधीच सापडलेल्या प्रतिजनाची ५०० गावठी नमुन्यांवर पारख" या शीर्षकाला द्या. ते काम रटाळ आहे, त्यात चमकदार जेलचा फोटो नसतो. विद्यार्थी ते घेत नाहीत, कारण त्यावर पीएच.डी. होते असं त्यांना कोणी सांगत नाही. मार्गदर्शकांनी ते सांगावं. एकाच प्रतिजनावर परभणी, शिरवळ, नागपूर, उदगीर आणि मुंबई इथे एकाच नमुना-संचावर काम झालं आणि पाचही ठिकाणी सारखं उत्तर आलं, तर त्या एका निष्कर्षाचा मला पाच नव्या रेघांपेक्षा जास्त उपयोग आहे.

त्यासाठी राज्याची एक सीरम-पेढी लागेल. रक्त, शेण, दूध, सोबत जनावराची जात, वय, गाव, चराई कुठे, शेवटचा डोस कधी आणि कोणता, लस टोचली का, एवढी माहिती. आज प्रत्येक विभागाच्या डीप फ्रीझरमध्ये असे नमुने पडून आहेत. ज्याने गोळा केले तो विद्यार्थी गेला की लेबलांवरची शाई पुसट होते आणि पुढच्या वर्षी कोणीतरी जागा करायला ते फेकून देतं. मी एकदा २० गावांतून गोळा केलेले नमुने एका प्रयोगशाळेला दिले होते. त्यांचं उत्तर मला कधीच मिळालं नाही, आणि ज्या शेतकऱ्यांनी गाय धरून उभं राहायला मदत केली त्यांनाही नाही. पुढच्या वेळी त्यांच्या दारात रक्त मागायला जाताना मला फार जड गेलं. नमुना घेतला तर उत्तर द्यायचं, उशिरा का होईना, फोनवर का होईना. हा नियम कोणत्याही प्रकल्पात पहिल्या पानावर असावा.

आणखी एक सुचवतो, कदाचित कोणाला पटेल. गावच्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ गायीचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं जमतं. त्या एकत्र दुधातली प्रतिपिंडं मोजली तर एकट्या जनावराचं काही कळणार नाही, पण गाव कळेल. युरोपात दुधाच्या टाकीवरून फ्लूकचा अंदाज असाच घेतात. भंडारा-गोंदियातल्या कोणत्या तलावाकाठच्या गावात फ्लूक वाढतोय, हे त्या एकत्र दुधातून समजणार असेल, तर सरसकट सगळ्या तालुक्याला डोस पाजण्यापेक्षा ते बरं. इथे प्रतिपिंड चालेल, कारण इथला प्रश्न वेगळा आहे. एका जनावरासाठी जो प्रतिजन निरुपयोगी तोच गावासाठी कामाचा ठरू शकतो, आणि म्हणूनच मी आधी प्रश्न विचारा म्हणतो.

तुमच्यापैकी कोणाला यातलं काही करून पाहायचं असेल, तर माझ्याकडून जे होईल ते सांगतो. माझ्याकडे गाडी आहे, थर्मास आहे, नायट्रोजनचं एक छोटं कंटेनर आहे. रोज दहा-बारा गोठ्यांत जाणं होतंच. भंडाऱ्यातले माझे जुने सहकारी अजून तिथेच आहेत आणि तलावाकाठचे नमुने द्यायला तयार आहेत. त्यांच्याशी बोलूनच हे लिहितोय. शवविच्छेदनाला यकृत उघडलं की त्याचे तुकडे, पित्त आणि शेण राखून ठेवू. कोणत्या डब्यात, किती प्रमाणात, कोणत्या तापमानाला ठेवायचं आणि लेबलवर काय लिहायचं, एवढं एका पानावर लिहून पाठवा. धान निघायच्या आधी ते पान मिळालं तर या जानेवारीपासूनच सुरुवात होईल.

आपला नम्र,
एक पशुवैद्यक
अहिल्यानगर जिल्हा